पुस्तकतुलेचा तराजू

मित्रांनो, मी एक जुना तराजू आहे. महाविद्यालयातल्या खेळाच्या सामानाच्या खोलीत, फाटक्या जाळ्यांमागे उभा असतो. माझी एक साखळी गंजली आहे. त्याचं मला काही वाटत नाही. लोखंडाला काय वाटायचं म्हणा!

लोहाराने माझी दांडी ठोकली, सुताराने दोन रुंद पारडी केली, ती धान्याच्या वखारीसाठी. वखार बंद पडली तेव्हा इथल्या पहिल्या प्राचार्यांनी मला आणवलं. वाचनालयात तेव्हा जेमतेम दीड कपाट पुस्तकं होती. म्हणून त्यांनी प्रथा पाडली: वार्षिक संमेलनात प्रत्येक वर्गाने आपला प्रतिनिधी एका पारड्यात बसवायचा आणि तेवढ्या वजनाची पुस्तकं वाचनालयाला द्यायची. पहिल्या वर्षी प्राचार्य स्वतःच बसले. ते अगदी काडीपैलवान! "अहो सर, जेवून तरी यायचं!" ग्रंथपाल म्हणाले, आणि सगळे हसले. प्राचार्य सर्वांत मोठ्याने हसले.

पुढे चुरस लागली. ज्याचं पारडं जड, त्या वर्गाला ढाल मिळू लागली. मग हुशार, बोलक्या मुलांना कोण विचारतो? अंगाने भरलेलं कोण, याचा शोध सुरू झाला. पुस्तकं तरी कसली! जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या, बाद झालेली गाइडं. वजन भरलं की झालं. सभागृह "अजून! अजून!" ओरडायचं. मी दांडी सरळ करायचो. माझं काम तेवढंच.

एकदा दुसऱ्या वर्षाच्या वर्गाने एका मुलीला निवडलं. संमेलनाच्या आदल्या दिवशी ती हौसेने मला पुसायला आली. नव्या ग्रंथपालबाई तिथेच होत्या.

"बाई, माझ्याविरुद्ध कुणी उभंच राहिलं नाही! मला वाटायचं, मी कुणाच्या खिजगणतीतही नाही. वाचनालय संध्याकाळी उघडं ठेवा, असा अर्जपण लिहिलाय मी. उद्या मंचावरच देते."

बाईंना सगळं ठाऊक होतं. त्यांनी अर्ज वाचला. "अक्षर छान आहे हो तुझं," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ती पारड्यात बसली, हातात अर्ज घेऊन. पुढच्या रांगेत तिची आई होती. निवेदक म्हणाला, "या वर्गाने उमेदवार अगदी तोलूनमापून निवडलाय बरं का!" सभागृहात हशा पिकला. तिच्या वर्गातली मुलं सुतळीसकट गठ्ठे आणून टाकत होती. एकजण दुसऱ्याला म्हणाला, "बोललो नव्हतो? हिला बसवली की ढाल आपलीच."

तिने ऐकलं. एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग अर्जाची घडी घातली, आणखी एक घातली, पार बोटाएवढी केली. माझी दांडी सरळ झाली. टाळ्या वाजल्या.

आई लगबगीने मंचावर आली. "अगंबाई, केवढा जीव लावतात गं तुला सगळे! मला मेलीला उगीच घोर, लेक एकटी पडते की काय म्हणून."

"हो आई," ती म्हणाली. "लावतात."

ढाल तिच्याच हातात दिली. तिने ती नीट धरली, फोटो होईपर्यंत. अर्ज तिने कुणालाच दिला नाही.

प्रथा त्यानंतर नऊ वर्षं चालली. मग बंद झाली. कुणाला वाईट वाटलं म्हणून नव्हे, वाचनालयात रद्दी ठेवायला जागा उरली नाही म्हणून.

आता कुणी म्हणतात, तराजूला तेलपाणी करून दारात ठेवू, परंपरा आहे. ठेवा, नाहीतर भंगारात घाला, मला सारखंच. पण मित्रांनो, संमेलन तुमच्याकडेही होत असेल. कुणाला मंचावर चढवाल, तेव्हा कशासाठी बोलावलंय ते त्याला आधी सांगा. सांगताना जीभ अडखळली, तर त्याला खालीच बसू द्या. मी त्या मुलीला सांगू शकलो नाही, कारण मला तोंड नाही. त्या सभागृहात बाकी सगळ्यांना होतं.