मोटारीच्या छातीवरचा हंडा

खिंडीचा चढ मोटारीने तोंड पुढे ठेवून काढला, तर करीमला काय मिळणार होतं ते आधी मांडू. गाडीच्या कपाळावरच्या फळीवर महिपतशेटच्या शेजारी त्याचं नाव. रत्नागिरी-देवरूख फेऱ्यांत निम्मी भागीदारी. आणि पावस गावच्या सासुरवाडीत, जिथे 'जावई बोटीवर कोळसा ओढतो' म्हणून त्याला ओट्याच्या कडेला बसवत, तिथे मधली जागा. करीमच्या मते हा तिसरा लाभ आधीच्या दोन्हींहून मोठा होता. त्याचं फार चुकत नव्हतं. माणूस राबतो पोटासाठी, पण झुरतो तो सासुरवाडीच्या ओट्यासाठी.

महिपतशेट देवरूखचा सुपारी-कोकमाचा व्यापारी. सन एकोणतीसच्या दिवाळीत त्याने मुंबईहून एक जुनी मोटार बोटीतून बंदरावर उतरवली. करीम रत्नागिरीच्या राजिवड्यात राहणारा, अकरा वर्षं बोटीच्या इंजिनखोलीत काढलेला. त्याला लोखंडाच्या नुसत्या आवाजावरून दुखणं कळे. "मोटार माझी, हात तुमचे," असं ठरलं. कागद झाला नाही.

मोटार सपाटीला पळे, चढाला रुसे. तिची पेट्रोलची टाकी पुढच्या बाकड्याच्या खाली. तिथून पेट्रोल आपल्या वजनाने इंजिनाकडे वाहायचं. खिंडीच्या जांभ्या दगडाच्या चढावर गाडीने नाक वर केलं की इंजिन उंचावर आणि टाकी खाली. मग पेट्रोल कशाला वर चढतंय? इंजिन दोनदा खोकायचं आणि बसायचं. यावर ड्रायव्हर लोकांचा ठरलेला उतारा एकच, गाडी वळवायची आणि उलटी चढवायची, म्हणजे टाकी वर राहते. काही उतारूंनी खाली उतरायचं, एकाने मागच्या चाकाशी दगड घेऊन चालायचं, आणि करीमने मान मागे पिरगाळून माथ्यापर्यंत जायचं. पुढच्या बाकड्याला दोन आणे जास्त पडत. एकदा एक खोत ते मोजून पुढे बसले; गाडी उलटी चढली, तेव्हा मागच्या बाकड्यावरची कुळं त्यांच्या आधी माथ्यावर पोचली, आणि ते म्हणाले, "शेट, कुळांच्या मागून येण्याचे जास्तीचे पैसे मी आजवर कुणाला दिले नव्हते."

माघात बातमी आली की देवरूखच्या टपालाचा ठेका मोटारीला मिळणार. टपालखात्याचे साहेब येत्या सोमवारी स्वतः बसून बघणार, आणि खिंडीत घटकाभर खोळंबणारी गाडी त्यांना चालणार नाही.

"टाकी वर घ्यायला हवी," करीम म्हणाला. "काचेच्या पुढे, इंजिनाच्याही वर. मग चढ असो की उतार, पेट्रोल खालीच येणार."

"मग घ्या की. अडलंय कुठे?"

अडलं होतं टाकीपाशी. जुनी टाकी बाकड्याच्या मापाची लांबडी, ती पुढे बसेना. घासलेटचा डबा बांधून पाहिला. तिसऱ्या फेरीला तो धक्क्यांनी शिवणीत उसवला. तांब्याचा पत्रा मुंबईहून यायला पंधरा दिवस. सोमवारला चार दिवस होते.

तांबं करीमच्या घरात होतं. त्याची बायको साबेरा हिला लग्नात बापाने दिलेला हंडा, गळ्याशी नाव घातलेला: 'साबेरा दाऊद, पावस'. आपल्याकडे भांड्यावरचं नाव म्हणजे खरेदीखत. लग्नाकार्यात शंभर घरची भांडी एका परसात घासायला पडतात, पण संध्याकाळी जो तो आपलं नाव वाचून नेतो आणि भांडण होत नाही. साबेरा रोज त्या हंड्यावर दुसरी घागर ठेवून विहिरीवर जाई, आणि बायका तिला जरा वाट देत.

"हंडा?" ती म्हणाली. "मोटारीला? मोटार पाण्याला जातेय काय?"

"ठेका मिळाला की फळीवर नाव लागतंय. मग तुला दोन हंडे आणीन."

"दोन नको. हाच परत आणा." हंडा पुढे सरकवत म्हणाली, "आणि नाव घासू नका माझं."

काशीराम तांबटाने हंडा आडवा निजवला, तोंडाला झाकण कथलाच्या डाखाने जोडलं, पोटाला वर एक भोक पाडलं भरायला, आणि खाली एक, त्यात तोटी. लोखंडी पट्ट्यांनी तो काचेच्या पुढे आवळून बसवला. नाव समोर आलं. गाडी बाजारातून निघाली तेव्हा बाबल्या पानवाल्याने विचारलं, "करीमभाई, विहीर कुठल्या बाजूला?"

करीम हसला, पण शेटला म्हणाला, "फळीचं तेवढं लिहून ठेवू या का? दोन ओळी."

महिपतशेटने हंड्यावर थाप मारली. "करीमभाई, कागद वाळवी खाते. तुमच्या घरचं नाव गाडीच्या छातीवर कोरलंय. ते मी पुसणार काय?"

हे करीमला पटलं. आपल्याकडच्या कुणालाही पटलं असतं, आणि हे शेटला चांगलं ठाऊक होतं.

सोमवारी साहेब पुढच्या बाकड्यावर बसले, टपालाच्या थैल्या मागे. खिंड आली. करीमने गाडी वळवली नाही. ती नाक वर करून निघाली, जांभ्यावर धडधडत, एकदाही न खोकता. माथ्यावर साहेब खाली उतरले, हंड्यापाशी वाकले आणि नाव वाचलं.

"या कोण?"

"गाडीच्या अर्ध्या मालकीणबाई, साहेब," महिपतशेट चटकन म्हणाला.

सगळे हसले. करीमने मात्र ते वाक्य मनात घडी घालून ठेवलं. सरकारी माणसासमोर बोललेलं; आणखी काय हवं?

ठेका मिळाला. फळीचं लांबत गेलं. आधी रंगारी आजारी होता, मग शेट म्हणाला की आंब्याचा हंगाम जाऊ दे. मध्ये त्याने आपला मेव्हणा शिवा आणून करीमच्या शेजारी बसवला. "त्याला चढ शिकवा. तुम्ही आता मालक. मालक किती दिवस चाक धरणार?"

करीमने शिकवलं. मन लावून शिकवलं. खिंडीत गियर कुठे बदलायचा, तोटी किती उघडायची, कुठल्या वळणावर जांभा पहाटेच्या दवाने निसरडा होतो, काही हातचं राखलं नाही. शिवा मोठा गुणी, सगळं ऐकून घेई आणि रोज संध्याकाळी दाजींना जाऊन सांगे. काशीरामकडे मुंबईहून एक जाड पत्रा येऊन पडला होता, तो करीमने दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा विचारलंही.

"कुणाची तरी पाण्याची टाकी," काशीराम भाता ओढत म्हणाला. मान वर केली नाही.

बकरी ईदला करीम बायकोला घेऊन पावसला गेला, तीन दिवस. ओट्यावर सासऱ्यांनी स्वतः सरकून जागा दिली. "बसा, मोटारवाले." साबेरा आतून बघत होती.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी महिपतशेट राजिवड्यात करीमच्या दारात उभा. स्वतः. मागे गड्याच्या डोक्यावर हंडा, चिंचेने घासून लखलखीत केलेला. दोन्ही भोकांना ठिगळं, तोंड मोकळं, आणि आत पाच शेर तांदूळ, वर नारळ. दिलेलं भांडं कुणी रिकामं परत करत नाही. शेजारची माणसं बाहेर आली.

"साबेराबाई, तुमचा हंडा," शेट सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाला. "अडीनडीला दिलात, उपकार झाले. नाव जसंच्या तसं आहे, वाचून घ्या."

साबेराने नाव वाचलं. नवऱ्याकडे पाहिलं.

"आणि गाडीला टाकी?" करीमने विचारलं.

"लोखंडी करून घेतली. ह्याच मापाने."

"फळी?"

"लागली की काल. 'महिपतशेट मोटार सर्व्हिस'. रंगाऱ्याने अक्षर झकास काढलंय."

"शेट, तुम्ही साहेबांसमोर म्हणाला होता, अर्धी मालकी—"

"म्हणालो होतो. ज्यांचं नाव, त्यांची मालकी. ती आज घरी आणून दिली, वर तांदूळ घालून." शेटचा आवाज मऊ होता. "आता माझ्या गाडीत तुमचं काय राहिलं, करीमभाई? चार माणसं उभी आहेत. दाखवा."

चार माणसं खरंच उभी होती. त्यातला एक म्हातारा नाखवा मान हलवत म्हणाला, "माणूस सचोटीचा. नायतर तांबं कोण परत देतंय हल्ली?" दाखवायला करीमकडे खिंडीतली वळणं होती, आणि ती आता शिवाला पाठ होती.

शेट गेल्यावर साबेरा म्हणाली, "चोरला असता तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं."

त्या तांदळाचा भात केला, तर पहिल्या घासाला पेट्रोलचा वास. कोंबड्यांपुढे टाकला, कोंबड्या बघून गेल्या. हंडा राखेने, चिंचेने, वाळूने घासला, तीन दिवस विहिरीत बुडवून ठेवला. वास गेला नाही. अंघोळीचं पाणी तापवायला चुलीवर चढवला, तर ठिगळाचा डाख सुटला, पाणी सांडलं आणि चूल विझली.

तर हिशेब असा. महिपतशेटला ठेका, फळी, आणि सचोटीचा माणूस असा लौकिक. तो त्याला पुढे दोन पंचायतींत उपयोगी पडला. शिवाला चाक. काशीरामला एका हंड्यापायी तीन कामं: भोकं पाडायचं, नव्या टाकीचं, आणि ठिगळांचं. खोत आता कुळांच्या पुढे माथ्यावर पोचतात, दोन आण्यांचे तीन झाले तरी कुरकुरत नाहीत. करीम पावसाळ्यानंतर परत बोटीवर गेला, कोळशापाशी. पावसच्या ओट्यावर तो पुन्हा बसलाच नाही, त्यामुळे कडेला की मध्ये हा प्रश्न उरला नाही.

साबेरा मातीच्या घागरीने पाणी भरते. विहिरीवर तिला आता रांगेत थांबावं लागतं. त्या मोटारीत ती एकदाही बसली नव्हती. भाडं सगळं तिने भरलं.