ब्युटिरिकची बाटली

"ओरेस्टा, बाहेर ये आधी!" डेनीस दारातूनच ओरडली. तिने बाही नाकाशी धरली होती.

ओरेस्टा नळ्यांना लेबलं लावत होती. "का गं? काय झालं?"

"काय झालं म्हणतेस? मागे बघ!"

मागच्या टेबलावर ब्युटिरिक आम्लाची बाटली कलंडून जमिनीवर ठिबकत होती. खवट लोण्याचा, ओकारीचा वास. सास्काटूनच्या त्या प्रयोगशाळेत रुग्णांच्या विष्ठेतली ही आम्लं मोजण्यात ओरेस्टाचं अर्धं आयुष्य गेलं होतं. नवी माणसं त्या वासानेच नोकरी सोडून पळत. आज तिला तो आलाच नव्हता.

"सर्दी झालीय," ती म्हणाली.

पुसापुशी झाली. सगळे जेवायला गेल्यावर तिने एकेक बाटली उघडून हुंगली. असेटिक आम्ल नाकाला झोंबलं, डोळ्यांत पाणी आलं. पण व्हिनेगरचा वास नाही. ब्युटिरिक तर नुसतं पाणी. बाबांचा कंपवातही असाच सुरू झाला होता. बीटाच्या सुपातला, बोर्शमधला शेपू त्यांना कळेना, तेव्हा आई चेष्टा करायची. मग हात थरथर कापायला लागले. शेवटी ओरेस्टाच त्यांना भरवायची.

"सर्दी नाहीये ना?" डेनीस परत आली होती.

ओरेस्टाने तिचं मनगट घट्ट धरलं. "कुणाला सांगू नकोस. हात जोडते तुला. मोजतं ते यंत्र, माझं नाक नाही!"

"आणि उद्या काही गळलं, पेटलं तर? शनिवारी एकटी असतेस तू इथे."

"मग काय करू? घरी बसून हात कधी कापतील याची वाट बघू?"

डेनीसचे डोळे भरले. "तूच सांग मॅडमना. मला सांगायला लावू नकोस."

ओरेस्टा जाऊन सांगून आली. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम प्रेमाने बोलल्या. पण तपासण्या होईपर्यंत आम्लांना हात लावायचा नाही, असं ठरलं. यंत्रात लावलेल्या नमुन्यांचा क्रम तिने डेनीसला समजावून दिला आणि एप्रन काढला.

घरी तिचा नवरा मायरन कांदा परतत होता. दिवसभर सुतारकाम करून आलेला. तिने मागून जाऊन त्याच्या मानेत तोंड खुपसलं, खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. ना लाकडाच्या भुशाचा वास, ना घामाचा.

"अगं, आज काय भयंकर वास मारतेयस!" तो हसत सुटला.

"मारतेय?"

"मग! कांदासुद्धा हरला."

"कसा येतोय? सांग ना."

तो रंगवून रंगवून सांगू लागला. मध्येच थांबून त्याने विचारलं, "रडतेयस का?"

"कांदा झोंबतोय. सांग तू," ती मान वर न करता म्हणाली.