पेवाचं तोंड

गुणाबाईला लेकीच्या अंगाचा भारी अभिमान. का नसावा? चार लेकरं मातीत घालून पाचवी सिंधु जगली होती. नऊ वर्षांची पोर, पण गाल लोण्याचे आणि दंडात वाकी रुतायची. मुदखेडपासून दोन कोसांवरच्या त्या गावात असं गुटगुटीत पोर दुसरं नव्हतं. धाकटी जाऊ केवळाबाई विधवा, तिची दोन पोरं म्हणजे नुसत्या तुराट्या. "जरा खाऊ घाल गं लेकरांना," असं तिला येता-जाता ऐकवायचं, आणि तिच्यादेखत सिंधुच्या दूधभाकरीवर तुपाची धार धरायची, ही गुणाबाईची चैन.

निजामाच्या राजवटीचं ते शेवटचं वर्ष. हत्यारबंद टोळ्या गावं लुटत होत्या, पोरीबाळी उचलून नेत होत्या. सिंधुच्या बापानं, व्यंकटनं, गोठ्यातलं पेव उपसून रिकामं केलं. जमिनीखालचं ते ज्वारीचं कोठार. टोळी आली की पोरं त्यात उतरवायची, वर फरशी ओढायची आणि बैल बांधायचा. ज्वारी त्यानं मुद्दाम घरात उघडी रचली. समोर धान्य दिसल्यावर पेव कोण हुडकतंय?

कंदील सोडून आतली हवा पाहिली. केवळाची पोरं सुळकन उतरली. सिंधु कमरेपाशी अडकली. चोरांच्या भीतीनं तिच्या आज्यानं पेवाचं दगडी तोंड अरुंद ठेवलेलं. वर ओढताना तिची कातडी सोलवटली, ती किंचाळली. केवळाबाई हसली नाही, आणि गुणाबाईला तेच जास्त लागलं.

"त्वांड फोडा की," ती नवऱ्याला म्हणाली.

"एक दगूड हलला तर समदी माती आत बसल."

त्या दिवसापासून दूध बंद, तूप बंद. सकाळी अर्धी भाकरी, सांजेला ताकाचं पाणी. पहाटे खळ्याभोवती पन्नास फेऱ्या. पोर धापा टाकत खाली बसली की आईची काठी पोटऱ्यांवर बसायची. आठव्या दिवशी सिंधु बैलाच्या पाटीतली पेंड खाताना सापडली. गुणाबाईनं तिच्या घशात बोटं घालून ओकायला लावलं आणि मग काठी मोडेपर्यंत तिला झोडपलं. जीव वाचवायला निघालेली बाई, पण त्या घटकेला वैरीणही परवडली असती.

केवळाबाईनं धावत येऊन हात धरला. "अक्का, लेकराला मारून राहिल्या का जगवून?"

"तुजी बसत्यात आत. तुला काय जातंय बोलाया?" गुणाबाईनं हात हिसकला आणि सिंधुची हनुवटी धरली. "मी म्हणस्तवर तोंडात दाणा घालायचा न्हाई. घातलास तर जित्ती पुरीन."

नंतर चुलीमागं बसून, पदर तोंडात कोंबून ती पोटभर रडली. दुसऱ्या पहाटे पुन्हा फेऱ्या होत्याच.

महिन्याभरानं भर दुपारी टोळी आली. केवळाची पोरं आत गेली. सिंधुनं हात वर केले, श्वास सोडला. कंबर अडली, घासली आणि उतरली. गुणाबाईनं बोटभर फट ठेवून फरशी ओढली, शेण पसरलं, बैल बांधला. पोर आत बसली होती.

ज्वारी गाड्यांवर चढू लागली. केवळाबाई आडवी गेली तर तिला जात्यावर आपटलं. गुणाबाईच्या कानातली फुलं पाळीसकट ओढली. अंगणात व्यंकटला खाली पाडून ते विचारत होते, "पेव कुठंय?" बंदुकीच्या दस्त्यानं त्याचे दात पाडले. तोंडातून रक्त गाळत तो "न्हाई, न्हाई" एवढंच म्हणत राहिला. मग एकजण भाल्यानं जमीन टोचत टोचत गोठ्याकडं वळला.

व्यंकट उठला. कुडाला टेकलेली कुऱ्हाड त्यानं त्या माणसाच्या खांद्यात घातली आणि खळ्याकडं पळत सुटला. सगळी टोळी त्याच्या मागं. जिथं सिंधु रोज धावायची, तिथंच त्यांनी त्याला गाठलं. गुणाबाईला घाव ऐकू येत होते. तिनं हंबरडा दातांखाली दाबून धरला, कारण ओरडली असती तर लेकीचंच नाव तोंडातून आलं असतं. परतताना त्यांनी उरलेल्या ज्वारीसकट घर पेटवलं आणि गाड्या हाकल्या. वारा उलट्या बाजूला वाहत होता म्हणून गोठा वाचला.

दोघी जावांनी मिळून फरशी सरकवली. केवळाची पोरं वर आली. शेवटी सिंधु आली, घामानं निथळत, उजवी मूठ आवळलेली.

"काय हाय हातात?"

सिंधुनं दुसरा हात डोक्यावर धरला. "बुडाशी गावली, आई. खाल्ली न्हाई मी. एक दाणा बी न्हाई." तिनं मूठ उघडली. दमट, कुबट वासाची ज्वारी. "आता खाऊ?"

त्या मुठीखेरीज त्या घरात आता दाणा नव्हता. गुणाबाईनं फुटक्या रांजणाचं खापर उचललं, आपल्याच जळत्या चौकटीच्या निखाऱ्यांवर ठेवलं आणि ती ज्वारी भाजली. केवळाच्या पोरांच्या हातावर चार-चार दाणे दिले. उरलेले लेकीच्या तोंडाजवळ नेले.

"खा, माझे माय. खा."

सिंधुनं आधी आईच्या दुसऱ्या हाताकडं पाहिलं, काठी आहे का ते. मग तोंड उघडलं.