दर तीन तासांनी

सकाळी नऊच्या सुमाराला सुषमाच्या हातातला कोयता गळाला आणि ती उसाच्या सरीत वाकडी होऊन बसली. मी तिच्या मागच्याच ओळीत मोळी बांधत होते. आधी वाटलं पायाला लागलं. जवळ जाऊन बघते तर पोरीनं उजव्या बरगडीखाली मूठ दाबून धरलेली, तोंड पांढरंफटक, आणि कपाळावरून घाम नुसता टपकतोय. पौष महिना, अंगावर शाल असावी असा गारठा, आणि हिला घाम.

आमची टोळी साक्रीकडची. दिवाळी झाली की सगळे उसावर निघतो ते बारडोलीच्या अंगाला. या साली पडाव कॅनॉलच्या काठाला पडला होता. काळीभोर जमीन, पाण्याला तोटा नाही, कॅनॉल तर रात्रंदिवस वाहतो. आणि तरी आमच्यातल्या एकाही बाईच्या घशाखाली दिवसा पाणी उतरत नव्हतं. ऊस तोडला की रान उघडं बोडकं होतं. आडोसा कसला म्हणून राहत नाही, आणि उभा ऊस असतो तिथं सगळे गडी. मग बाईनं जायचं कुठं? पहाटे अंधारात जाऊन यायचं, ते पुन्हा दिवस बुडाल्यावर. मधले बारा तास दाबून धरायचं. दाबायचं नसेल तर प्यायचंच नाही.

हा नियम टोळीत लावला सुषमाच्या सासूनं, भागीरथीबाईनं. तीस वर्षं कोयता चालवलेली बाई, बांध्यानं शिडशिडीत, जिभेनं तिखट. नवी सून उसावर आली की तिला पहिला धडा तोच: "बाईमानूसनी दिनमा पानी पेवानं नही." सुषमा तीन साल तो धडा गिरवत होती.

तर त्या दिवशी ती सरीत लोळायला लागली. भागीरथीबाई आली, पोट चोळलं, ओवा दिला. मुकादम रामदास लांबूनच म्हणाला, वायू धरला असेल, घटकाभरात उतरेल. पण त्या दिवशी सुषमाला दाबून धरवेना, गड्यांची पर्वा न करता ती तोडायच्या उसाच्या आडाला गेली आणि परत आली ती भेदरून. तिनं सासूला हळूच सांगितलं की लघवी लाल झाली. भागीरथीबाई ताडकन उठली. तिनं मुलाला, गणेशला हाक मारली आणि रिक्षा आणायला पिटाळलं.

बारडोलीला डॉक्टर जयश्रीबेनचा दवाखाना. भागीरथीबाईबरोबर मी पण सोबतीला गेले. बाई गुजराती, पण आमच्यासारख्यांना बघून बघून मराठी शिकलेली. तिनं पाठीवर उजवीकडं हलकीच थाप मारली तशी सुषमा कळवळली. मग दुखणं थांबायचं इंजेक्शन दिलं, दंडातून रक्त काढलं, किडनी किती काम करते ते त्यातून कळतं म्हणाली. आणि हातात एक छोटी बाटली दिली लघवीसाठी.

सुषमा आत गेली ती बराच वेळ बाहेर येईना. आली तर बाटलीच्या तळाला दोन चमचे, काळ्या चहाच्या रंगाचे. नर्स म्हणाली, एवढ्याशात काय होणार? मी म्हटलं, बाई, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. नर्सला म्हण कळली नाही, पण ती हसली आणि बाटली घेऊन गेली.

मग सोनोग्राफी. त्यासाठी नर्सनं लिटरभर पाणी प्यायला लावलं आणि सांगितलं, पिशवी पूर्ण भरू दे, जोर लागला की सांग, तोवर दाबून धर. बाकावर आणखी चार-पाच बायका त्याच कामाला बसलेल्या. एक जण पाय हलवत होती, एक उठबस करत होती, एक तर नर्सच्या नावानं बोटं मोडायला लागली. एकेक आत जाऊन सुटली. आमची सुषमा देवळातल्या मूर्तीसारखी बसून. दोन तास झाले तरी शब्द नाही. शेवटी नर्सच घाबरली आणि तिला आत घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईनं पोटावर गार, चिकट काहीतरी लावलं, यंत्र फिरवलं आणि पडद्याकडं बघतच राहिली.

"एवढी भरली, तरी बसून राहिली तू?"

"याना पेक्षा जास्त बी धरस मी," सुषमा म्हणाली. तिला वाटलं शाबासकी मिळतेय.

बाईनं तिला मोकळं होऊन यायला सांगितलं आणि पुन्हा यंत्र लावलं. तरी पिशवीत पाणी शिल्लकच. सालोसाल दाबून दाबून पिशवी पूर्ण रिकामी व्हायचंच विसरली होती. मग बाईनं भागीरथीबाईला पडद्याजवळ बोलावलं. काळ्या-करड्या ढगात डावी किडनी दाखवली, सुरती पापडीच्या शेंगेतल्या दाण्यासारखी, नीट आकाराची. उजवी दाखवली, तर ती फुगून पोटात काळं तळं धरलेलं. खाली नळीत खडा अडकला होता, त्यानं वाट बुजली आणि पाणी मागं तुंबलं. दिवस गेले नाहीत ना याची आधी तपासणी करून एक्स-रे काढला. त्यात खडा पांढऱ्या ठिपक्यासारखा दिसला. सहा मिलिमीटर. लघवीत जंतू पण निघाले. रक्त मात्र चांगलं आलं, म्हणजे किडनी अजून शाबूत होती. असंच आणखी एखादं साल गेलं असतं तर सांगता आलं नसतं, असं बाई म्हणाली.

मग तिनं सुषमाला विचारलं, "दिवसात पाणी किती पिते?"

सुषमानं मान खाली घातली. भागीरथीबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती.

"डाक्टरबाई, तिनी चूक नही," ती म्हणाली. "मीच शिकाडं तिले."

तिचा आवाज असा खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता. सुषमानं पडल्या पडल्या सासूचा हात धरला. जयश्रीबेन रागावली नाही. तिनं आणखी एक बाटली काढली आणि भागीरथीबाईच्या हातात दिली. म्हातारी नको नको म्हणत, बाटली पदराखाली लपवून गेली. तिच्याही लघवीत जंतू निघाले. मग मलाही बाटली मिळाली, आणि माझंही तेच. तिघी गोळ्यांच्या पुड्या घेऊन निघालो. सुषमाला आठ दिवस आराम, लघवी दर वेळी गाळणीतून गाळायची, ताप आला तर तडक परत यायचं. आणि कागदावर तिघींनाही एकच गोष्ट लिहिली: दिवसाला तीन लिटर पाणी, दर तीन तासांनी लघवी.

संध्याकाळी भागीरथीबाईनं कागद मुकादमासमोर धरला आणि शेतात आडोसा मागितला. चार बांबू, कापड, ऊस पुढं सरकेल तसा आडोसा पुढं. रामदास माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या डोळ्यापुढं ट्रॅक्टर उभा. बाया घडी घडी उठायला लागल्या तर मोळ्या कोन बांधी, असं त्याचं म्हणणं. आजवर चाललं, पुढंही चालेल.

"मुकादम, हाऊ कागद डाक्टरना से," भागीरथीबाई म्हणाली. "मन्हा नही."

दुसऱ्या दिवशी तिनं आम्हा सतरा बायांना पहाटेच तांब्या-तांब्या पाणी पाजलं. गणेशच्या मोबाइलला दर तीन तासांची घंटा लावून घेतली. नऊला घंटा वाजली. भागीरथीबाईनं कोयता ठेवला आणि गड्यांना म्हणाली, "भाऊ हो, तिकडे तोंड करा. आम्ही जाई ऱ्हायनूत."

सतरा बाया एका ओळीत निघाल्या. गडी तोडत होते तो पट्टा सोडला तर उभा ऊस राहिला होता तो थेट शेताच्या पल्याड. जायला पंधरा मिनिटं, यायला पंधरा. गडी तोडून बसले, मोळ्या बांधायला कोणी नाही, ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवून दमला. बाराला पुन्हा घंटा, पुन्हा ओळ. तीनला पुन्हा. कोणी भांडलं नाही, कोणी घोषणा दिली नाही. तिसऱ्या वेळी तर गडी न सांगताच तोंड फिरवून बसले, आणि त्यातला एक म्हातारा तंबाखू मळत म्हणाला, रामदास, बांबू स्वस्त पडतील.

रामदासनं दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी मोटरसायकलवर चार बांबू आणि हिरव्या जाळीची गुंडाळी बांधून आला. दुहेरी जाळी लावून आडोसा गड्यांनीच उभा केला.

अकराव्या दिवशी सुषमाच्या गाळणीत खडा सापडला. ज्वारीच्या दाण्याएवढा, काटेरी. भागीरथीबाईनं तो तळहातावर घेऊन साऱ्या पडावाला दाखवला, जसा काही नातूच झाला. पुन्हा सोनोग्राफी केली तेव्हा उजवी किडनी डावीसारखीच दिसत होती आणि पिशवीही बऱ्यापैकी रिकामी होत होती.

पुढच्या आठवड्यात कॅनॉलपलीकडच्या टोळीचा मुकादम तणतणत आला. तुमच्या बायांनी आमच्या बाया बिघडवल्या, आता त्याही कोयते खाली ठेवून चालायला लागल्या, अशी त्याची तक्रार. भागीरथीबाई आधीच त्यांच्या शेतात जाऊन त्या बायांना सांगून आली होती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक. आम्ही कान टवकारून बसलो, रामदास काय बोलतो म्हणून.

रामदासनं त्याला खाटेवर बसवलं, चहा मागवला आणि कामाचं बोलावं तशा सुरात सांगितलं, "जाळी हिरवी घे. पांढरीमधून आरपार दिसतं."