मागून आलेली एक थाप

गाडीचं पुढचं सगळं ड्रायव्हरचं आणि मागचं सगळं कंडक्टरचं, हा आजी-आजोबांच्या संसाराचा कायदा होता. दोघांनी एकाच बसवर नऊ वर्षं काढली होती. आजोबा चाकावर, आजी घंटेच्या दोरीवर. दोरी एकदा ओढली की थांबायचं, दोनदा ओढली की निघायचं. दोन घंटा झाल्या की आजोबा मागं वळून बघत नसत. कशाला बघायचं? मागं आजी होती.

"हिनं दोन घंटा दिल्या आणि मी निघालो. थांबायची अजून दिलेली नाही," असं आजोबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

"दोरी तुटलीय, नाहीतर कधीच दिली असती," आजी म्हणे.

नोकरी संपून दहा वर्षं झाली तरी दोघांचे पाय घरात ठरत नव्हते. सकाळी चार मैल चालणं, आठवड्यातून दोनदा पोहणं, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत लेकीची तिन्ही मुलं जुन्या व्हॅनमध्ये घालून डोंगर आणि तळी पालथी घालणं. व्हॅनला दोरी नव्हती. म्हणून आजी आपला जुना तिकिटं टोचायचा चिमटा छताच्या पत्र्यावर आपटायची. एक ठोका, थांब. दोन ठोके, चल. मुलांनाही हे पाठ झालं होतं.

"पण ठोका फक्त कंडक्टरचा," आजोबा त्यांना बजावत. "प्रवाशानं ठोकलं तर मी ऐकणार नाही. ज्याच्या त्याच्या ठोक्यावर थांबलो तर गाडी जन्मात पोचायची नाही."

यंदा मुलं पाठवायला लेक का-कू करत होती. "आई, बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय. तुझे गुडघे कुरकुरतात. तिघं आवरतील तुम्हाला?"

"अगं, साठ-साठ माणसं मोजली मी, फुकट्यांसकट. तीन पोरं म्हणजे काय मोठं?"

शेवटी लेकीनं अट घातली. रोज संध्याकाळी सहाला ती फोन करणार. तशी ती करतही होती. "तिघं आहेत ना?" एवढंच विचारी. आजी म्हणे, "गाडी फुल्ल!" आणि मग बाकीच्या गप्पा.

नवव्या दिवशी ती सगळी एका मोठ्या तळ्यावर गेली. तिथं भाड्यानं होड्या मिळत. मोठी नात अकरा वर्षांची. प्रत्येक गोष्टीवर वाद घालायची म्हणून तिचं नाव वकिलीणबाई पडलं होतं. मधली कुठंही, कशीही झोपायची. आणि धाकटा पाच वर्षांचा, सगळ्यांच्या मागं मागं फिरणारा, म्हणून तो शेपूट. शेपटाला पोहता येत नव्हतं. होडीत बसल्यावर त्यानं पाण्यात हात घालून विचारलं, "आजी, याचा तळ कुठाय?"

"खाली."

"खाली म्हणजे किती?"

"तुझे आजोबा उभे राहिले तर बुडतील एवढं."

त्यानं पटकन हात बाहेर काढला.

चार वाजता आवराआवर झाली. आजी व्हॅनच्या सरकत्या दारापाशी उभी राहिली आणि बसच्या दारात मोजायची तशी चढणारी पावलं मोजली. शेपूट एक, मधली दोन, वकिलीणबाई तीन. मग ती स्वतः चढली आणि दार ओढून पुढच्या बाकावर दाराला लागून बसली. बसमध्ये एवढं पुरत असे. चढलेला माणूस उतरायचा तर कंडक्टरच्या नाकासमोरूनच उतरायचा.

पण व्हॅनला मागंही एक दार होतं. आजोबांनी ते उघडून वल्ही आणि हवा भरलेली ट्यूब आत कोंबली होती आणि ते मुलांची तरंगायची जाकिटं होडीवाल्याला परत द्यायला गेले होते. परत येऊन त्यांनी ते दार आपटून लावलं. आत डोकावले नाहीत. मागचं काही त्यांचं नव्हतंच. ते पुढं जाऊन चाकावर बसले. आजीनं चिमट्यानं पत्र्यावर ठण ठण केलं. गाडी निघाली.

लगेच मागून एक थाप ऐकू आली. पत्र्यावर पत्रा आपटावा तशी. एकच.

वल्हं पडलं असेल, आजीच्या मनात आलं. तिनं मागं बघितलं. शेवटच्या बाकावर टॉवेलांचा ढीग होता, वर शेपटाची पिवळी टोपी. दमून झोपला बिचारा. तिनं ओठांवर बोट ठेवून मुलींना गप्प राहायची खूण केली.

पस्तीस किलोमीटर गेल्यावर पेट्रोल पंप आला. वकिलीणबाई म्हणाली, "आजी, शेपटाला उठवू का? त्यालाही लागली असेल." आणि तिनं टॉवेल ओढला.

खाली ट्यूब होती. काळी, फुगलेली, ओली ट्यूब. टोपी घरंगळत खाली पडली.

"आजी, हा कुठाय?"

आजीनं बाकाखाली बघितलं. वल्ह्यांमागं बघितलं. पुन्हा बाकाखाली बघितलं. पाच वर्षांचं पोर जिथं मावणार नाही तिथंही बघितलं, पिशवीतसुद्धा. 

"काय झालं गं?" आजोबा पुढूनच म्हणाले. "निघायचं ना? घंटा दे."

"अहो, शेपूट नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"गाडीत नाहीये! तळ्यावर राहिला."

आजोबांनी मान वळवली. एवढ्या वर्षांत त्यांनी चाकावर बसून मागं बघितल्याचं आजीला आठवत नव्हतं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. पेट्रोल भरणारा माणूस खिडकीशी आला, त्याला कशीबशी हकिगत सांगितली. तो म्हणाला, "तिकडं फोन लागत नाही, आणि होडीवाला पाचला कुलूप लावून जातो. तुम्ही निघा, मी पोलीस चौकीत कळवतो." घड्याळात पावणेपाच वाजले होते.

गाडी वळली. आजीनं चिमटा हातात घट्ट धरला होता, पण ठोका द्यायचं तिला सुचलं नाही, आणि आजोबाही ठोक्याला थांबले नाहीत.

येताना तो रस्ता सुंदर वाटला होता. आता प्रत्येक वळण उगाच लांब होतं. पुढं लाकडं भरलेला ट्रक गोगलगाईसारखा चालला होता. आजोबा हॉर्न वाजवून वाजवून थकले. मधली हुंदके देत होती. वकिलीणबाई म्हणाली, "आईला फोन कर ना, आजी. इथं अजून रेंज आहे."

आजीनं फोन काढला. बोट लेकीच्या नावावर नेलं आणि तिथंच ठेवलं. काय सांगायचं? पाण्याकाठी विसरले म्हणून? रेंजच्या काड्या एकेक करून कमी झाल्या आणि संपल्या. खरं सांगायचं तर तिला त्याचं बरंच वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची तिला किळस आली.

"याचा तळ कुठाय," असं कुणीतरी कानात विचारत होतं.

ट्रक मागं पडल्यावर आजोबा म्हणाले, "निघताना मागून थाप आली होती."

आजी पुढं वाकली. "तुम्ही ऐकली?"

"ऐकली."

"मग थांबला का नाही हो?"

"तुझी नव्हती ती. तुझा ठोका मी झोपेतही ओळखतो. वाटलं, पोरांपैकी कुणीतरी चेष्टा करतंय. आणि तू?"

"मला वाटलं, वल्हं पडलं."

 एकच थाप. एक म्हणजे थांब. पोरानं बरोबर नियमानं घंटा दिली होती. एवढ्या वर्षांत प्रवाशाची घंटा आजीनं कधी बुडवली नव्हती. बुडवली ती नेमकी ही.

तळ्यावर पोचले तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. होडीवाल्याच्या टपरीला कुलूप होतं. पत्र्याच्या होड्या काठावर ओळीनं पालथ्या घातलेल्या, साखळीनं बांधलेल्या. माणूस म्हणून कुणी नाही. दोन कुत्री काठाकाठानं हुंगत फिरत होती. पाणी इतकं शांत होतं की बघवत नव्हतं.

"शेपूट! ए शेपटा!"

हाका पाण्यावरून पलीकडं गेल्या आणि तशाच परत आल्या. आजीनं मुलींना गाडीतून उतरू दिलं नाही. दोघींचे हात एकमेकींच्या हातात देऊन ती म्हणाली, "सोडायचे नाहीत. मी येईपर्यंत सोडायचे नाहीत."

मग तिला काठाशी चिखलात एक छोटी चप्पल दिसली. एकच. तिचं टोक पाण्याकडं होतं.

आजोबांनाही ती दिसली.  बूट न काढता, घड्याळ न काढता, सरळ पाण्यात शिरले. गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. वाकून दोन्ही हातांनी पाण्याखाली चाचपडू लागले, अंधाऱ्या खोलीत दिव्याचं बटण शोधावं तसे. तो सत्तर वर्षांचा माणूस पाण्यात हात घालून नातवाला शोधतोय हे बघणं आजीला झेपेना. तिनं तोंड फिरवलं.

समोर सकाळी व्हॅन उभी होती ती जागा होती. चाकांच्या खुणांमागं वाळूत छोट्या पावलांच्या खुणा होत्या. आधी दोन्ही चपलांच्या, मग एका चपलेच्या आणि एका अनवाणी पायाच्या. गाडीमागं धावलेल्या. वीसेक पावलं, आणि मग थांबून माघारी वळलेल्या, होड्यांकडं.

होड्यांपाशी कुत्र्यांनी वाळू उकरून सगळा चिखल केला होता. पुढं काही कळत नव्हतं.

हाकांना उत्तर येत नव्हतं. हातात चिमटा होता. तिनं तो पहिल्या होडीच्या पत्र्यावर आपटला. एकदा.

काहीच नाही. दुसऱ्या होडीवर एकदा. तिसऱ्या होडीवर एकदा. चौथ्या होडीवर सवयीनं दोनदा वाजायला आलं होतं. तिनं मनगट दुसऱ्या हातानं धरलं आणि एकदाच वाजवलं.

शेवटच्या होडीखालून उत्तर आलं. ठण. एकच.

आजी वाळूत आडवी पडली आणि तिनं होडीखाली बघितलं. आत, टिनची छोटी बादली छातीशी धरून, शेपूट बसला होता. एका पायात चप्पल. डोळे रडून सुजलेले.

"मी ओरडा खाणार का?" त्यानं विचारलं.

"बाहेर ये रे राजा. बाहेर ये आधी."

"मी उतरलो होतो. तू म्हणालीस, एकदा चढलं की उतरायचं नाही. पण बादली राहिली होती. मग मी मागच्या दारानं उतरलो." त्यानं नाक ओढलं. "मग कुत्री आली, त्यांनी माझी सुटलेली चप्पल पळवली. मग होडीवालेकाका आले, पण मी लपलो. हाका ऐकल्या मी. पण तू रागावली असशील ना."

आजीनं त्याला हाताला धरून ओढून काढलं आणि आधी सगळं अंग तपासलं, डोकं, हात, पाय, कोरडे कपडे. मग ती पाण्याकडं वळून किंचाळली, "अहो! सापडला! बाहेर या, सापडला!"

आजोबा छातीइतक्या पाण्यात होते. त्यांनी वळून बघितलं, पण लगेच चालता येईना. बाहेर आल्यावर पाणी निथळत असतानाच ते काठावर बसले. शेपूट त्यांच्यासमोर उभा राहिला आणि कंबरेवर हात ठेवून म्हणाला, "आजोबा, मी घंटा दिली होती. एकच दिली होती. बादलीनं. तुम्ही थांबला का नाही?"

आजोबांनी त्याला जवळ घेतलं. "चुकलं रे," ते म्हणाले. "माझं चुकलं."

चौकीतला शिपाई मोटारसायकलवरून आला. त्यानं वहीत काहीतरी लिहून घेतलं, शेपटाच्या गालाला हात लावला आणि आजी-आजोबांकडं जे बघितलं ते दोघांनी मुकाट्यानं सोसलं.

गाडीत सगळी बसली. आजोबांनी मागचं दार लावायच्या आधी आत डोकं घातलं आणि ट्यूबवर हात फिरवून बघितला. मग पुढं जाऊन बसले. गाडी चालू केली. वाट बघत राहिले.

आजीला ठोका देता येईना. चिमटा वर गेला की तिला मघाचीच थाप ऐकू येई. तिनं तो खाली ठेवला. उठून एकेका बाकापाशी गेली, प्रत्येक डोक्यावर तळहात टेकवला. ओले केस, विस्कटलेली वेणी, वाळूनं भरलेलं डोकं. परत पहिल्यापासून केलं.

"झालं का?" आजोबा म्हणाले. आणि मग चाकावरचे हात काढून ते पूर्ण मागं वळले. त्यांनी बोटानं एक, दोन, तीन केलं. मग आजीकडं बोट करून चार. "आता निघतो," ते म्हणाले आणि घंटा न होता निघाले.

सहा वाजून गेले होते. पहिल्या चढावर रेंज आली आणि फोन वाजला. लेकीचा.  शेपूट आजीच्या मांडीवर बसून बादलीच्या काठावर नखानं टिकटिक करत होता. आजीनं त्याचा हात धरून ती बंद केली.

"आई, कधीची लावतेय! तिघं आहेत ना?"

रोजचं उत्तर जिभेवर आलं होतं. आजोबांनी गाडी कडेला घेतली आणि थांबवली. कुणी सांगितलं नव्हतं.

"तिघं आहेत," आजी म्हणाली. "माझ्यासमोर आहेत. पण तासापूर्वी दोघंच होती. सगळं सांगते. आधी ऐकून घे, मग काय बोलायचं ते बोल."

  आजीनं शेपटाला आणखी जवळ ओढलं आणि पावलं मोजली तिथपासून सांगायला सुरुवात केली.