हा दावा कोणाचा

"शस्त्रक्रिया तुमच्यावर झाली का?" न्यायालयातल्या कारकुनाने अर्जावरची नजर न उचलता विचारलं.

"माझ्या आईवर."

"त्या हयात आहेत, सज्ञान आहेत, डोकं शाबूत आहे. मग दावा त्यांनी करायचा. तुम्हाला अधिकार नाही." अर्ज खिडकीतून परत आला.

चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या त्या मुलीने अर्जाची घडी घातली. आईला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. बँकेत, घरमालकाकडे, दवाखान्यात, सगळीकडे लहानपणापासून हीच आईच्या वतीने बोलत आली होती. चार महिन्यांपूर्वी पोटात कळा येत होत्या म्हणून आईला इस्पितळात नेलं, तेव्हा मात्र नर्सने हिला वॉर्डच्या दारातच अडवलं. "आम्ही बघतो," म्हणाली. आत कोणीतरी आईपुढे कागद धरला, आणि त्याने बोट ठेवलं तिथे आईने सही केली. गर्भाशय काढल्याचं दोघींना नवव्या दिवशी, टाके काढताना कळलं.

मुलीने कर्णबधिरांच्या संस्थेची वकीलबाई गाठली. "आमची संस्थाही दावा करू शकते," वकीलबाई म्हणाली, "कारण आमचे सभासद त्याच इस्पितळात जातात. पण इजा झाली आईला. त्यांचं नाव आधी हवं. आणि त्यांना स्वतःला हे हवंय, अशी न्यायाधीशांची खात्री पटली पाहिजे. दुभाषा न्यायालय देईल. तुम्ही मागे बसायचं, हात मांडीवर ठेवून."

"आई घाबरेल हो."

"त्या घाबरतील की तुम्ही?"

घरी मुलीने हे खुणांनी सांगितलं, तेव्हा आईने मान डोलावली आणि शर्टांच्या कारखान्यातून एक दिवसाची रजा काढली. तिला झोप चांगली लागत होती. मुलगी मात्र रात्री उठून कागद पुन्हा पुन्हा चाळायची.

सुनावणीला दुभाषा म्हणून एक किडकिडीत तरुण आला. घरातल्या निम्म्या खुणा दोघींनीच बनवलेल्या, त्या या परक्याला कशा कळणार? एक शब्द चुकला तर सगळंच ओम्फस. तिचे हात आपोआप वर आले. वकीलबाईने डोळे वटारले, तशी ती हातांवरच बसली.

"हे सगळं मुलीच्या डोक्यातून निघालंय," इस्पितळाचा वकील म्हणाला. "आईला धड माहीतही नसेल."

न्यायाधीश आईकडे वळल्या. "हा दावा तुमचा की मुलीचा?"

दुभाष्याने खुणा केल्या. आई मागे वळेल, आपल्याकडे बघेल, म्हणून मुलगी श्वास रोखून बसली. आई वळली नाही. तिचे हात हलू लागले आणि तरुण बोलू लागला.

"माझा. कापलं मला. मला विचारायला हवं होतं." तो थांबला, पुढचं सांगावं की नको अशा चेहऱ्याने. "मुलगी म्हणते, ती आत असती तर हे झालं नसतं. पण ती असती, तर त्यांनी तिलाच विचारलं असतं. सगळे तिलाच विचारतात. लोक दहा वाक्यं बोलतात, ती मला दोन सांगते. मायेपोटीच. पण ती दहाही माझी असतात."

मुलीचे कान तापले. कोणाचं आपल्याकडे लक्ष आहे का, हे बघायचंही तिला धाडस होईना.

न्यायाधीशांनी बराच वेळ लिहिलं. मग दावा आईच्या नावाने दाखल झाला, सोबत संस्थेचंही नाव लागलं. पुढची तारीख सहा आठवड्यांनी.

बाहेर पायऱ्यांवर इस्पितळाचा वकील वकीलबाईला काहीतरी तावातावाने सांगून गेला. आईने त्याचे ओठ हलताना पाहिले होते. काय म्हणाला, तिने खुणेने विचारलं.

'काही नाही' म्हणायला मुलीचा हात उठला आणि हवेतच थांबला. मग तिने सगळं सांगितलं. तो तुला साक्षीला उभं करणार आहे. जुनी दुखणी उकरणार आहे. तुला अडाणी म्हणाला. हेही सांगितलं.

आई पिशवी पोटाशी धरून पायरीवर बसली. मग तिने खुणेने विचारलं, कोणती जुनी दुखणी?

"मला माहीत नाही," मुलीने खूण केली आणि तिच्या शेजारी बसली.