परतीची सही

फाटकाजवळच्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं : पूर्ण भरती सव्वासातला. तिने ते दोनदा वाचलं आणि मोबाइलवर साडेचारचा गजर लावला.

"झालं सुरू काळजीवाहू सरकार!" नवरा म्हणाला. हे नाव त्यानेच पाडलं होतं. सासूबाईंनी ते उचलून धरलं होतं.

राष्ट्रीय उद्यानाचा नियम साधा होता. आत जाताना वहीत सही, बाहेर पडताना सही. वाटेतल्या खाडीला पाणी चढलं की पहारेकरी वही बघायचा. कोणी आत राहिलं असेल, तर होडी घालायचा. तिने दीड वर्षाच्या लेकीला टोपी घालेपर्यंत नवरा वहीपाशी जाऊन आलासुद्धा.

"परतीचीही ठोकून आलो. येताना रांगेत कोण उभं राहणार?"

"अरे, पण तो वही बघूनच..."

"ऑफिसात दहा वर्षं मस्टरवर सकाळीच संध्याकाळची सही करतोय. आभाळ कोसळलं?"

"मी खोडून येते."

"चल गं! दारातच तमाशा नको."

ती गेली नाही. हेच तिला पुढे सलत राहणार होतं.

वाट कड्याच्या कडेने जात होती. खाली समुद्र निळा, इतका निळा की तासभर ती काळजी करायचंच विसरली. बाळंतपणानंतर पहिल्यांदा तिला आपल्या पायांतली ताकद आठवली. टोकावर पोचले आणि गजर वाजला.

"दहा मिनिटं. बघ ना, काय ऊन पडलंय फोटोला!"

दहाची चाळीस झाली.

जाताना खाडीत घोटाभर पाणी होतं. आता कमरेच्या वर होतं. पलीकडे पहारेकरी होडी वाळूवर ओढून पालथी घालत होता. त्याच्या लेखी आत कोणी नव्हतंच. दोघांनी हाका मारल्या, पण वारा त्या मागेच नेत होता.

"थांबलो तर आणखी चढेल," नवरा म्हणाला. त्याचा आवाज एवढासा झाला होता.

लेक त्याच्या खांद्यावर, तिचा हात लेकीच्या पाठीला. मध्यावर पाणी तिच्या गळ्याशी आलं आणि त्याचा पाय सटकला. टोपी वाहून गेली. लेक नाकातोंडापर्यंत बुडाली. तिने दंड पकडून तिला वर खेचलं. पोरीची किंकाळी मात्र पलीकडे पोचली. पहारेकरी धावत पाण्यात शिरला.

फाटकापाशी त्याने वही उघडून बोट टेकवलं. "चारला परत. ही बघा सही!"

सही तिची होती. तिच्या नावाची, खाली दोन टिंबं दिलेली. बाळंतपणात सगळे फॉर्म नवऱ्यानेच भरले होते. "तुझी सही मला तुझ्याहून झकास येते," असं तो चारचौघांत सांगायचा.

"ताई, शिकलेल्या दिसता. कडेवर लेकरू, आणि खोट्या सह्या करता? आईच ना तुम्ही?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो दगडावर बसून बुटातलं पाणी ओतत होता. एक बूट झाला. मग त्याने दुसरा काढला.

गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "बरं झालं, तू वाढवलं नाहीस. आणि हे बघ, आईला सांगू नकोस. उगाच काळजी करत बसेल."

मागच्या सीटवर लेक हुंदके देत झोपली होती. तिच्या दंडावर चार बोटांचे वळ उठले होते. घरी गेल्यावर सासूबाईंची नजर आधी त्यांवरच जाणार होती, आणि जाब तिलाच द्यावा लागणार होता.